पाचशे मैल नकोत, पाच रात्री पुरेत

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालून इनव्हर्नेसला परत आणणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग २०१५ मध्ये या नावाने पर्यटकांपुढे आला. लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन मुलाबाळांसह आठवड्यात हा फेरा उरकायचा, तर रोज सव्वाशे किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. कागदावर हिशेब सोपा आहे, पण तो चुकीच्या गोष्टीचा आहे. माझं म्हणणं असं की मुलं बरोबर असतील तर हा फेरा पुरा करायचा हट्टच धरू नये. निम्माच प्रदेश निवडावा, आधी मुक्काम पक्के करावेत आणि किती अंतर कापायचं ते त्यावरून ठरवावं.

पहिलं कारण रस्ता. पश्चिम किनाऱ्यावर बराच भाग एकेरी रस्त्याचा आहे: जेमतेम एका गाडीची रुंदी आणि अधूनमधून ‘पासिंग प्लेस’ची पाटी लावलेली बगल. समोरून गाडी आली आणि बगल डाव्या हाताला असली की आत शिरायचं. उजव्या हाताला असली तर तिच्या समोर, आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला आत येऊ द्यायचं. चढणीच्या गाडीला वाट द्यायची, हा आपल्या घाटातला नियम तिथेही आहे. मागे खोळंबलेल्यांना पुढे सोडण्यासाठीही हीच बगल असते, आणि त्या मागच्या गाडीत शाळेतली मुलं असतील किंवा घरोघरी फिरणारी नर्स. फोटोसाठी तिथे गाडी लावून ठेवली की सगळा रस्ता अडतो. ॲपलक्रॉसकडे जाणारा बेलाख ना बा हा घाट समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरपर्यंत चढतो. मोठ्या गाड्यांनी त्यावर जाऊ नये अशी पाटी पायथ्यालाच आहे. नवख्या हातांनी दोन मीटर रुंदीची गाडी अशा रस्त्यांवर हाकली तर सव्वाशे किलोमीटरला अख्खा दिवस लागतो.

दुसरं कारण गाडीच्या पोटात आहे. कॅम्परव्हॅन स्वयंपूर्ण वाटते, पण तिच्या संडासाच्या टाकीत, ज्याला सगळे ‘कॅसेट’ म्हणतात, साधारण वीस लिटर मावतात. चौघांच्या कुटुंबात ती दोन-तीन दिवसांत भरते. आत रसायन असल्यामुळे ती गटारात किंवा शेताच्या कडेला रिती करता येत नाही. कॅम्पसाइटवरच्या ठरावीक जागीच न्यावी लागते. पाणी भरायलाही तिथेच जावं लागतं. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी गाव गाठणं आलंच, मग मुक्काम त्याच बेताने का आखू नयेत? ‘स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं’ हा समजही इथेच तपासावा. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे, पण तो पायी, सायकलवर किंवा घोड्यावर येणाऱ्यांना. मोटारीला तो लागू नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढा उजाड मुलूख, एक रात्र गाडी उभी राहिली तर बिघडलं कुठे? मुलूख विरळ वस्तीचा आहे हे खरं, पण तो आपोआप ओस पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंढ्यांच्या कुरणांसाठी स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली कुळं सक्तीने हुसकावली गेली. त्यांच्या घरांची जोती आजही गवतात दिसतात. जी गावं टिकली त्यांचे रस्ते, संडास आणि वाहनतळ मूठभर करदात्यांच्या बळावर चालतात. म्हणूनच हायलँड कौन्सिलने २०२४ मध्ये कॅम्परव्हॅनवाल्यांसाठी सात दिवसांना ४० पौंडांची ऐच्छिक वर्गणी आणली. पर्यटकांमुळे गावं जगतात हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण इनव्हर्नेसच्या सुपरमार्केटमधून आठवड्याचा शिधा भरून निघालेली आणि रोज नव्या ठिकाणी रात्र काढणारी गाडी गावात काय ठेवून जाते? तेच कुटुंब दोन रात्री राहिलं तर कॅम्पसाइटचं भाडं, बेकरीतला पाव, कोपऱ्यावरच्या दुकानातलं दूध असं काही तरी गावाच्या पदरात पडतं. ज्यांना हॉटेल परवडत नाही त्यांनाही हे जमण्यासारखं आहे, कारण कमी फिरण्याने वाचलेलं डिझेल त्या भाड्याला हातभार लावतं.

उरतो मुलांच्या कंटाळ्याचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत कच्चा वाटतो. मुलं कंटाळतात ती मागच्या सीटवर पट्ट्यात अडकून. उल्लापूलला तीन रात्री आणि डर्नेसला दोन एवढंच धरलं तरी हाताशी स्टॅक पॉलीचा डोंगर, लॉख ॲसिंटच्या काठचा पडका किल्ला आणि स्मू गुहा येते. या गुहेचं तोंड समुद्राने कोरलेलं, तर आत ओढ्याचा धबधबा कोसळतो. वारा पडला की मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माश्या हैराण करतात, म्हणून एखादी संध्याकाळ गाडीतच जाईल. मुक्काम सैल असला तर ती अंगावर येत नाही. आणि उल्लापूलपासून वीसेक किलोमीटरवर नॉकन क्रॅग आहे. तिथल्या कड्यात खालचा खडक सुमारे ५० कोटी वर्षांचा आणि त्याच्यावर बसलेला त्याहून दुप्पट जुना. जुनं वर कसं, या कोड्यावर एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं भांडले. बेन पीच आणि जॉन हॉर्न यांनी हा डोंगराळ भाग पायी पालथा घातला आणि भूकवचाच्या रेट्याने जुना थर नव्यावर सरकला हे नकाशांनिशी दाखवलं. त्यांचा ग्रंथ १९०७ मध्ये आला. त्या दोन थरांमधली रेघ उघड्या कड्यात दिसते. पोराने एक तळवा रेघेच्या वर ठेवावा, दुसरा खाली, आणि विचारावं तितके प्रश्न विचारावेत. उल्लापूलचा तंबू-तळ रात्रीपर्यंत हलणार नाही.