इंग्रजीच्या भरवशावर जर्मनीत

ऑगस्ट 2000मध्ये जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ सुरू केले, तेव्हा ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या घरांत परदेश म्हणजे अमेरिकाच होती. त्याच वर्षी अमेरिकेने एच-वन-बी या कामाच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा 1,95,000वर नेली. 2004मध्ये ती पुन्हा 65,000वर आली. पुढे स्टुटगार्ट, म्युनिक ही नावेही आपल्याकडे ओळखीची झाली.

अमेरिकेची वाट जुनीच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली तिकडे गेल्या, 1886मध्ये डॉक्टर झाल्या. कॉलेजात इंग्रजी होती आणि त्या ज्यांच्याकडे राहिल्या त्या कार्पेंटर कुटुंबातही इंग्रजीच. शिकलेली एक भाषा सगळीकडे पुरली.

जर्मनीत तसे झाले नाही. 2012मध्ये उच्चशिक्षित कामगारांसाठी ‘ब्लू कार्ड’ आले आणि आपला इंजिनिअर इंग्रजीच्या बळावर नोकरीत रुजू होऊ लागला. कंपनीत निभावत होते. पण घराचा करार, विम्याची पत्रे, नगरपालिकेतली नोंदणी सगळे जर्मनमध्ये. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदारालाही भाषेच्या प्रमाणपत्राची अट नव्हती. ही सवलत फार महागात पडली, असे मला दिसते. नवरा दिवसभर ऑफिसात, मूल बालवाडीत भराभर जर्मन बोलू लागलेले, आणि भारतात चांगली नोकरी करून गेलेली आई मात्र शिक्षिकेशी दोन वाक्ये बोलायलाही दुसऱ्यावर अवलंबून. डॉक्टरकडे आईचे दुखणे लहान मुलाने सांगायचे, हे कुणावरही येऊ नये.

सरकारने आमिषही ठेवले होते: जुजबी जर्मन येत असेल तर कायम वास्तव्याचा परवाना 33 महिन्यांनी, मध्यम, म्हणजे बी-वन, पातळी गाठली तर 21 महिन्यांनी. तरी ‘कंपनीत चालतंय ना’ म्हणत अनेकांनी क्लास पुढे ढकलला.

फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला; त्यात परिचारिकाही आहेत. रुग्णाची विचारपूस करायची असल्याने परिचारिकेला साधारणपणे त्याहून वरच्या, बी-टू पातळीचे जर्मन लागते, आणि ते शिकूनच ती कामाला उभी राहते. इंजिनिअरांनीही हाच क्रम धरायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

घरी मराठी, लोकलमध्ये हिंदी, ऑफिसात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या माणसाला चौथी भाषा जड नाही. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जाणे जमत नसेल, तर ऑनलाइन वर्ग आहेत. व्हिसाच्या अर्जाआधी नाव घाला, आणि नवरा-बायको दोघांचेही घाला.