फाइल टाकली की पान दिसतं?

आयआयटी मद्रासमधल्या 'शक्ती' प्रकल्पातले प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर बांधलेले आहेत. एखाद्या प्रोसेसरची रचना त्या आज्ञासंचाला धरून आहे की नाही, हे तपासणारं 'रिस्कॉफ' हे साधन चेन्नईच्याच इनकोर सेमिकंडक्टर्सने तयार केलं. त्याची माहितीपुस्तिका 'रीड द डॉक्स' या दस्तऐवजांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. ती 'स्फिंक्स'ने बनते; साध्या मजकुराच्या फाइलींपासून 'स्टॅटिक' साइट तयार करणारं हे साधन. गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स २००८ मध्ये पायथनच्या दस्तऐवजांसाठी आणलं. आज असंख्य प्रकल्प ते वापरतात आणि त्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरलेले आहेत.

पहिला गैरसमज 'स्टॅटिक' या शब्दापाशीच सुरू होतो: अशी साइट एकदा बनली की बदलत नाही. बदलते की! फरक एवढाच, की वाचक आल्यावर सर्व्हर पान जुळवत बसत नाही. पानं आधीच, 'बिल्ड' नावाच्या टप्प्यात, तयार करून ठेवलेली असतात. स्फिंक्सचा स्वतःचा शोधसुद्धा वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालतो.

आता समजा, अशा साइटवर 'कार्यशाळेला येण्यापूर्वी' नावाचं एक सुटं पान घालायचं आहे. फाइल फोल्डरमध्ये टाकली, बिल्ड चालवलं आणि डावीकडच्या यादीत काहीच आलं नाही. मग 'बिल्ड बिघडलं' असा बोभाटा होतो. वास्तविक पान तयार झालेलं असतं, पत्ता टाकला तर उघडतंही. यादी फोल्डर पाहून बनत नाही, ती 'टॉकट्री' या अनुक्रमातून बनते. तिथे नाव नसेल तर स्फिंक्स 'हा दस्तऐवज कोणत्याच टॉकट्रीत नाही' असा इशारा देतं. इशाऱ्यांना चूक मानण्याची सोय चालू असेल, तर बिल्ड फसतं. पान मुद्दाम सुटं ठेवायचं असेल तर फाइलच्या माथ्यावर 'ऑर्फन' ही खूण लिहावी, इशारा थांबतो.

ती खूण लावली म्हणजे पान गुप्त झालं, हा त्यापुढचा आणि जास्त महागात पडणारा समज. साइटवरच्या शोधात ते पान सापडतं. 'नोसर्च' खूण लावून तेवढा शोध बंद करता येतो, पण पत्ता माहीत असलेल्याला पान उघडायला कोणी अडवत नाही. शिवाय प्रकल्प खुला असेल तर मूळ मजकूर रिपॉझिटरीत सगळ्यांसमोर असतोच. पासवर्ड, परीक्षेचे प्रश्न वगैरे तिथे ठेवूच नयेत. उलट टॉकट्रीला 'हिडन' म्हटलं की पान लपतं, असंही काहींना वाटतं. त्याने यादी फक्त मजकुरातून जाते. रीड द डॉक्सच्या नेहमीच्या थीममध्ये सायडबारमध्ये ती दिसतच राहते.

हातात तयार एचटीएमएल फाइल असेल तर? 'एचटीएमएल एक्स्ट्रा पाथ'मध्ये तिची जागा लिहिली की ती जशीच्या तशी साइटवर जाते. मात्र तिला साइटचा मथळा, सायडबार यांतलं काहीही मिळत नाही. ते हवं असेल तर 'एचटीएमएल अ‍ॅडिशनल पेजेस' वापरून ती टेम्प्लेटमधून न्यावी लागते.

पीडीएफची गोष्ट तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ती टॉकट्रीच्या वाटेने बांधली जाते, त्यामुळे ऑर्फन पान तिच्यात येत नाही. छापील प्रत घेऊन बसणाऱ्यांना ते पान हवं असेल, तर ते अनुक्रमात घ्यावं.

राहिला पत्ता. रीड द डॉक्सवर 'लेटेस्ट' आणि 'स्टेबल' अशा आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. मुख्य शाखेत घातलेलं पान लेटेस्टमध्ये येतं. स्टेबल मात्र शेवटच्या प्रसिद्ध टॅगवर थांबलेलं असतं, पुढचा टॅग निघेपर्यंत तिथे 'पान सापडलं नाही' एवढंच दिसतं. म्हणून लिंक वाटण्याआधी तिच्यात यांपैकी कोणता शब्द आहे, तेवढं बघून घ्या.