पिन बसली, पण प्रिंट कुठंय?

सकाळी दहाची मीटिंग, बॉसला रिपोर्टच्या बारा कॉप्या हव्यात आणि कोपऱ्यातला तो पांढरा डबा ढिम्म! दिवा हिरवा, ट्रेमध्ये कागद, वायर लावलेली. तुम्ही 'प्रिंट' दाबता. परत दाबता. तिसऱ्यांदा जरा रागानंच. मग बाजूच्या टेबलावरून कुणीतरी एक्स्पर्ट चेहरा करून म्हणतो, 'यूएसबी मॅच होत नसेल रे.' हे टेन्शन ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आलेलं असतंच. मला त्यामागचा फंडा कळला तो मात्र चकाचक ऑफिसात नाही, तर लासूर स्टेशनला, मामांच्या दुकानात. तेही समोर पंधरा-वीस शेतकरी रांगेत उभे असताना.

छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे निघालं की दौलताबाद, पोटूळ आणि मग लासूर. गंगापूर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. इथं मामांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. मी दोन दिवसांसाठी गेले होते, पण महिना होता जुलै आणि खरिपाच्या पीकविम्याची मुदत तोंडावर. सातबारा, पासबुकाची झेरॉक्स, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र आणि फॉर्म भरून झाला की पावती. ती पावती हातात पडल्याशिवाय कुणी काउंटर सोडत नाही. का सोडावा? उद्या पीक गेलं तर भांडायला तोच एक कागद.

आणि नेमका त्याच दिवशी प्रिंटर संपावर. आदल्या आठवड्यात मामांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. तो जोडून देणाऱ्या मुलानं फोनवरच निकाल दिला, 'काका, तुमचा प्रिंटर टू पॉइंट ओ, नव्या मशीनला थ्री. जमणार नाही. नवीन घ्या.' नवा लेझर प्रिंटर म्हणजे दहा-पंधरा हजारांना फोडणी. मामा पैसे काढायच्या तयारीत होते. खरं सांगू? मलाही ते पटलं होतं. निळं भोक, काळं भोक, वेगळं काहीतरी असणारच ना!

वेगळं आहेच, पण तसं नाही. यूएसबी जानेवारी 1996 मध्ये आलं. इंटेलच्या ज्या टीमनं ते घडवलं तिच्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. त्याआधी प्रिंटर जोडायचा म्हणजे पंचवीस पिनांचा तो जाडजूड कनेक्टर, दोन बाजूंना स्क्रू आणि आधी कॉम्प्युटर बंद करायचा. यूएसबीचं प्रॉमिस होतं, चालू मशीनला लावा आणि कामाला लागा. (एप्रिल 1998 मध्ये शिकागोत विंडोज 98 चा डेमो देताना खुद्द बिल गेट्सच्या साक्षीनं स्कॅनर लावला आणि पडदा निळा पडला, तो भाग वेगळा.) मग 2000 साली 2.0 आलं, सेकंदाला 480 मेगाबिट. 2008 मध्ये 3.0, थेट 5 गिगाबिट. पुढे त्याच 3.0 ला आधी '3.1 जेन 1' आणि नंतर '3.2 जेन 1' अशी नावं दिली गेली. वेग तोच, बारसं तीनदा! गोंधळ होणार नाही तर काय?

मामांना हे समजावताना रेल्वेच कामी आली. आमच्या या मार्गावर पूर्वी मीटरगेज होतं आणि मनमाडला उतरून गाडी बदलावी लागायची. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि जुने रूळ उखडले गेले. यूएसबीवाल्यांनी मात्र जुने रूळ उखडलेच नाहीत. 3.0 च्या निळ्या पोर्टमध्ये जुन्या चार पिना जशाच्या तशा आहेत, नव्या पाच त्यांच्या जोडीला टाकल्यात. 2.0 चा प्रिंटर लावला की तो गुपचूप आपल्या जुन्या चार तारांवरून धावतो. वेग जुनाच मिळतो, पण साध्या लेझर प्रिंटरला तो पुरून उरतो, कारण वेळ जातो तो रोलर फिरण्यात. क्वचित एखादा जुना प्रिंटर निळ्या पोर्टवर नखरे करतो, नाही असं नाही. तेव्हा काळ्या पोर्टात लावायचा किंवा मध्ये 2.0 चा हब टाकायचा. उलट्या बाजूनं मात्र आडकाठी आहे. प्रिंटरच्या मागं बसणारी ती चौकोनी पिन 3.0 ची असेल तर तिच्या डोक्यावर उंचवटा असतो आणि ती जुन्या प्रिंटरमध्ये शिरतच नाही. म्हणजे खरंच जमत नसेल, तर ते डोळ्यांना दिसतं.

'मग अडलंय कुठं?' मामांनी विचारलं. रांगेतला पहिला गडी आता काउंटरवर कोपरं टेकून उभा होता.

आम्ही आधी वायर काढली आणि प्रिंटरचं बटण दाबून धरलं. सेल्फ-टेस्टचं पान झर्रकन बाहेर! म्हणजे टोनर, रोलर, सगळं ठणठणीत. मग वायर परत लावून डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' दिसत होतं. म्हणजे वायरही शाबूत, पोर्टही शाबूत, दोघांची नमस्कार-चमत्कारापर्यंतची ओळख झालेली. बोलणी पुढंच अडली होती. ड्रायव्हर? विंडोज 11 फक्त 64 बिटचं आहे, त्यावर जुना 32 बिटचा ड्रायव्हर चालत नाही. पण त्या मुलानं योग्य तोच टाकला होता. क्रेडिट द्यायला हवं.

तरीही प्रिंटरचं नाव करड्या रंगात, खाली 'ऑफलाइन'. मी विचारलं, 'मामा, वायर हलवली होती का तुम्ही?'

'समोर लटकत होती ना, म्हणून मागच्या बाजूला लावली. आन् एक डबल नाव आलं होतं, कॉपी वन. ते डिलीट केलं.'

सापडलं! ज्या प्रिंटरला स्वतःचा सिरियल नंबर सांगता येत नाही, तो वेगळ्या पोर्टात लावला की विंडोजला वाटतं हा नवाच पाहुणा. मग ते त्याला नवा पत्ता देतं आणि 'कॉपी 1' नावाचा जुळा भाऊ तयार करतं. मामांनी उडवला तो खरा प्रिंटर होता. उरलेलं नाव समोरच्या रिकाम्या भोकाकडे तोंड करून बसलं होतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडलं, यूएसबी001 वरची टिक काढून यूएसबी002 वर केली. बस्स. वायर परत समोर लावली असती तरी चाललं असतं.

हा घोळ आपल्याच अडाणीपणातून होतो असं समजू नका. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतः कबूल केलं होतं, की विंडोज 10 च्या काही आवृत्त्यांत प्रिंटर बंद असताना कॉम्प्युटर सुरू केला तर यूएसबी पोर्टच यादीतून गायब होतो. उपाय काय, तर आधी प्रिंटर चालू करा, मग कॉम्प्युटर! आमच्याकडे वीज जाते तेव्हा कॉम्प्युटर यूपीएसवर तगतो, पण लेझर प्रिंटरचा हीटर छोट्या यूपीएसला झेपत नाही, म्हणून तो थेट बोर्डावर असतो. म्हणजे एक जागा, एक झोपलेला. मग अर्धं पान पोटात, उरलेलं रांगेत आणि पुढची प्रत्येक प्रिंट त्यामागं अडकलेली. 2025 च्या सुरुवातीला तर एका विंडोज अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप अगम्य अक्षरं छापत सुटले होते. ती अक्षरं म्हणजे कॉम्प्युटरनं प्रिंटरला धाडलेले हुकूमच होते, प्रिंटरनं ते मजकूर समजून कागदावर उतरवले. मार्चमध्ये दुरुस्ती आली.

एक काम मात्र मी विसरले. टिक बदलण्याआधी अडकलेली रांग साफ करायला हवी होती. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, सिस्टम32 मधल्या स्पूल फोल्डरमध्ये 'प्रिंटर्स' असतं ते रिकामं करायचं, स्पूलर परत सुरू करायचा. दोन मिनिटांचं काम. ते केलं नाही आणि 'ओके' दाबल्याबरोबर प्रिंटर जो घरघरायला लागला, तो थांबेचना. सकाळपासून मामांनी, दुकानातल्या पोरानं आणि मी मिळून जितक्या वेळा 'प्रिंट' दाबलं होतं, तितक्या पावत्या. सगळ्या पहिल्या नंबरच्या शेतकऱ्याच्या. अकरा!

त्यानं त्या शांतपणे मोजल्या, घडी घातली आणि सगळ्याच्या सगळ्या खिशात टाकल्या.

'भाऊ, पैसे एकीचेच द्यायचे ना?'

मामांनी पुढच्याचं आधार कार्ड मागून घेतलं.