घोड्याचा मेंदू आणि एक पिवळे तण

एमआरआय म्हटले की आपल्याला माणसाची कंबर नाहीतर गुडघा आठवतो. त्याच यंत्रातून घोड्याचा मेंदू पाहायचा तर पहिली अडचण आकाराची. मेंदू ६०० ते ७०० ग्रॅमचा, पण त्यामागे ५०० किलोचे धूड! यंत्राचा बोगदा जेमतेम ६०-७० सेंटिमीटर रुंद. त्यामुळे डोके आणि मान तेवढी आत जाते. बाकीचे शरीर खास मजबूत टेबलावर बाहेर राहते.

दुसरी अडचण स्थिर राहण्याची. ग्रेगरी बर्न्स यांनी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात कुत्र्यांना यंत्रात न हलता पडून राहायला शिकवले आणि २०१२ साली जाग्या कुत्र्यांच्या मेंदूचे कार्य टिपले. घोड्याला मात्र पूर्ण भूल द्यावी लागते. भूल उतरताना तो धडपडत उठतो, कधी पाय मोडून घेतो. पोटशूळाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी भूल दिलेल्या घोड्यांपैकी शंभरात साधारण एक दगावतो.

मग हा धोका पत्करायचा कशासाठी? मी पशुवैद्य नाही. मिळेल ते वाचून या विषयाचा माग काढत आलो आहे. मला पटलेले उत्तर कॅलिफोर्नियातील एका तणापाशी सापडले.

'यलो स्टार थिसल' हे पिवळ्या फुलांचे काटेरी तण. घोड्याने ते आठवडेच्या आठवडे खाल्ले की एके दिवशी त्याला चारा तोंडात धरता येत नाही, चावता येत नाही. गिळण्याची शक्ती शाबूत असूनही तो उपाशी राहतो. मेंदूतील 'ग्लोबस पॅलिडस' आणि 'सबस्टॅन्शिया नायग्रा' हे भाग मृत झाल्याचा हा परिणाम. यातील दुसरा भाग माणसाच्या पार्किन्सन आजारातही झिजतो. तण आणि आजार यांचा संबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला, पण मेंदूतील बिघाड डोळ्यांनी पाहायचा तर घोडा मरेपर्यंत थांबावे लागे.

एमआरआय ऊतींमधील पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपतो. मृत ऊतीत पाण्याचे प्रमाण आणि स्थिती बदलते, म्हणून ती वेगळी उठून दिसते. २००१ साली अमेरिकी पशुवैद्यांनी या आजाराच्या एमआरआय खुणा प्रसिद्ध केल्या.

या आजारावर इलाज नाही. तरीही निदान लवकर पक्के झाले तर मालकाला खोट्या आशेवर घोड्याची उपासमार लांबवावी लागत नाही, आणि त्याच कुरणात चरणारे बाकीचे घोडे वेळीच दुसरीकडे हलवता येतात.