रेषा, शिट्टी आणि न ऐकू आलेलं कारण

११ जून २०२४ रोजी दोहाच्या जासिम बिन हमाद स्टेडियमवर भारत कतारविरुद्ध १-० असा पुढे होता. विश्वचषक पात्रता स्पर्धेतला सामना होता आणि मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगटेने ३७व्या मिनिटाला गोल केला होता. ही आघाडी टिकली असती, तर भारत पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेला असता. ७३व्या मिनिटाला कतारच्या युसूफ आयमेनचा हेडर गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू घरंगळत गोलखांबाच्या बाजूने शेवटच्या रेषेबाहेर गेला आणि भारतीय खेळाडू थांबले. तेवढ्यात कतारच्या दुसऱ्या एका खेळाडूने चेंडू पायाने आत ओढला, आयमेनने तो जाळ्यात ढकलला आणि रेफ्रींनी गोल दिला. पुढे आणखी एक गोल झाला, भारत २-१ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रींना सल्ला देणारी यंत्रणा, नव्हती.

त्या रात्री भारतातल्या फुटबॉलप्रेमींच्या तोंडी एकच शब्द होता : चोरी. तो राग मला आजही रास्त वाटतो. पण ‘रेफ्री विकला गेला’ असं म्हणून टाकलं की पुढचा सगळा विचार तिथेच थांबतो. चुका का होतात, कोणत्या चुका यंत्राने टळतात आणि कोणत्या कितीही यंत्रं आणली तरी टळत नाहीत, हे समजून घेतलं तर आपला राग योग्य ठिकाणी पोहोचेल.

रेषेपासूनच सुरुवात करू. फुटबॉलच्या नियमात चेंडू बाहेर गेला असं कधी म्हणायचं? जमिनीवर असो की हवेत, संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला, तरच. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो. म्हणजे तो जमिनीला जिथे टेकतो तो बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून ११ सेंटिमीटर पलीकडे गेला, तरी चेंडूची कड अजून रेषेवर असू शकते. बाजूने, खालून पाहणाऱ्याला चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवंगार गवत स्पष्ट दिसतं आणि तो शपथेवर सांगतो की चेंडू बाहेर होता. बरोबर वरून पाहिलं, तर तोच चेंडू आत असतो. बसमध्ये डावीकडच्या सीटवरून ड्रायव्हरच्या समोरचा वेगाचा काटा पाहिला की तो भलत्याच आकड्यावर दिसतो, तसाच हा दृष्टिकोनाचा खेळ आहे.

दोहाच्या त्या सामन्याआधी दीड वर्ष, १ डिसेंबर २०२२ रोजी, कतारमध्येच खलिफा स्टेडियमवर विश्वचषकात जपान आणि स्पेन यांच्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. जपानच्या काओरू मितोमाने शेवटच्या रेषेवरून चेंडू कसाबसा मागे वळवला आणि आओ तनाकाने गोल केला. टीव्हीवर जगभरच्या प्रेक्षकांना चेंडू बाहेर गेलेला दिसला. व्हीएआरने रेषेच्या सरळीतला कॅमेरा तपासला आणि चेंडूची कड काही मिलिमीटर रेषेवर असल्याचा निर्वाळा दिला. जपान २-१ जिंकला आणि या निकालामुळे जर्मनीला घरी जावं लागलं. जर्मन चाहते चिडले, पण तो निर्णय बरोबर होता. दोहात चेंडू सरळ बाहेर होता आणि तो पाहायला योग्य जागी कुणीच नव्हतं. सहायक रेफ्री मैदानाच्या बाजूच्या रेषेलगत उभा असतो. तिथून गोलखांबाजवळच्या गर्दीतून, आडव्या पडलेल्या गोलकीपरच्या पलीकडचा चेंडू दिसेलच याची खात्री देता येत नाही. यात फक्त गोललाइन तंत्रज्ञान असतं तरी उपयोग झाला नसता, कारण ते दोन खांबांच्या मधली रेषाच पाहतं. २०१० च्या विश्वचषकात ब्लूमफाँटेनला जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू उघडउघड गोलरेषा ओलांडून गेला होता आणि इंग्लंडला गोल मिळाला नव्हता. त्या प्रकरणानंतर या तंत्राला वेग आला. २०१४ च्या विश्वचषकात ते वापरलं गेलं आणि गोलरेषेवरचे वाद जवळजवळ मिटले.

ऑफसाइड हे याहून अवघड प्रकरण आहे, कारण तिथे जागेबरोबर क्षणही पकडावा लागतो. पास देणाऱ्या खेळाडूचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी पुढे धावणारा आक्रमक शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे होता का? पास देणारा तीस-चाळीस मीटर दूर असू शकतो. सहायक रेफ्रीला तिकडे पाहून नजर पुन्हा इकडे आणायला सेकंदाचा दहावा भाग लागला असं धरू. आक्रमक सेकंदाला ८ मीटर वेगाने गोलकडे पळतोय आणि बचावपटू २ मीटर वेगाने उलट दिशेने वर येतोय. त्या दहाव्या भागात दोघांमधलं अंतर एक मीटरने बदललेलं असतं.

त्यात उभं राहण्याच्या जागेचा दोष मिसळतो. राउल आउडेयान्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सहायक रेफ्री बहुतेक वेळा बचावपटूच्या बरोबर सरळीत नसतात, थोडे पुढेमागे असतात. तिरक्या नजरेमुळे आक्रमक बचावपटूच्या कोणत्या बाजूने पळतोय यावर चूक कोणत्या दिशेने होणार हे ठरतं. म्हणजे ही चूक पक्षपाताची नाही, भूमितीची आहे. आणखी एक गोष्ट मेंदूतली आहे. १९९४ मध्ये रोमी निजहावन या संशोधकाने पुन्हा प्रकाशात आणलेल्या एका दृष्टिभ्रमानुसार, हलणारी वस्तू आणि तिच्या बरोबरीने क्षणभर चमकलेली वस्तू एकाच जागी असल्या तरी हलणारी वस्तू आपल्याला पुढे गेलेली दिसते. धावणारा आक्रमक आणि पासचा तो क्षण यांच्या बाबतीतही असंच घडत असावं, असं क्रीडाशास्त्रज्ञ मानतात. नियमात बसणारा खेळाडूही पुढे दिसतो आणि झेंडा वर जातो.

मग कॅमेरे आले. पण सेकंदाला ५० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंद जातात, आणि वरच्या हिशेबाने तेवढ्यात दोन खेळाडूंमधलं अंतर २० सेंटिमीटरने बदलतं. पासचा नेमका क्षण दोन चित्रांच्या मध्ये कुठेतरी हरवलेला असताना पडद्यावर रेघ ओढून दोन सेंटिमीटर काखेसाठी गोल रद्द करणं हे मोजमापाच्या शास्त्रात बसत नाही. कोणत्याही प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही लिहायची. इंग्लिश प्रीमियर लीगने २०१९-२० च्या पहिल्या व्हीएआर हंगामात ती लिहिलीच नाही. प्रेक्षकांना वैज्ञानिक भाषा येत नसेल, पण ही खोटी अचूकता त्यांना जाणवली होती आणि त्यांचा आक्षेप बरोबर होता.

कतारच्या विश्वचषकात यावर चांगला उपाय झाला. छपराखाली बसवलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूच्या आत बसवलेलं संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होतं. पासचा क्षण दोन मिलिसेकंदांत पकडता येऊ लागला. रेषांचा प्रश्न असा हळूहळू सुटत चालला आहे.

तरीही चाहते शांत झालेले नाहीत. का, ते पाहायला ३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांचा लंडनमधला सामना पुरेसा आहे. लिव्हरपूलच्या लुइस दियासने गोल केला, सहायक रेफ्रीने ऑफसाइडचा झेंडा दाखवला. व्हीएआर कक्षात रेषा ओढल्या गेल्या आणि दियास ऑफसाइड नसल्याचं स्पष्ट झालं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. पण मैदानावर गोल दिलेला आहे, अशी व्हीएआर रेफ्रीची समजूत होती. त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ एवढंच कळवलं. मैदानावरच्या रेफ्रींनी त्याचा अर्थ लावला की झेंडा बरोबर होता, आणि खेळ सुरू केला. काही सेकंदांत कक्षातल्या लोकांना चूक उमगली. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जायला नियम परवानगी देत नाही. लिव्हरपूल २-१ हरलं, तेही भरपाई वेळेतल्या स्वयंगोलमुळे. नंतर त्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर झाली. ती ऐकताना धक्का बसतो तो साधेपणाचा. मैदानावर काय निर्णय दिलाय, एवढं एक वाक्य कुणी मोठ्याने म्हटलं असतं तर गोल मिळाला असता.

त्याच सामन्यात आधी लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सला रेफ्रींनी यलो कार्ड दाखवलं होतं. व्हीएआरच्या सांगण्यावरून ते मैदानाकडेच्या पडद्यावर पाहायला गेले, तर समोर पहिल्यांदा आलं ते एक गोठलेलं चित्र : जोन्सचा बूट प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर. यलोचं रेड कार्ड झालं. त्याची बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती, कारण संथ गतीचं चित्रण निर्णयावर परिणाम करतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे. युजीन कारुझो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की हिंसक प्रसंग संथ गतीत पाहणाऱ्यांना करणाऱ्याचा हेतू अधिक स्पष्ट वाटतो. त्याला विचार करायला वेळ मिळाला होता, असं मन नकळत धरून चालतं. बेल्जियमच्या संशोधकांनी अव्वल फुटबॉल रेफ्रींना फाउलची दृश्यं दाखवली, तेव्हा संथ गतीत रेफ्री अधिक कडक शिक्षा देताना आढळले. म्हणूनच व्हीएआरच्या नियमावलीत भेद केलेला आहे : पाय कुठे लागला, चेंडू हाताला लागला का, यासाठी संथ गती वापरावी, आणि फाउलची तीव्रता ठरवताना नेहमीचा वेग. जोन्सच्या बाबतीत आधी ते गोठलेलं चित्र दाखवण्याची पद्धत मला चुकीची वाटते.

आता प्रेक्षकांकडे वळू. आवाजाचा परिणाम होतो का? इंग्लंडमध्ये अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० रेफ्रींना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या एका सामन्यातली ४७ दृश्यं दाखवली. काहींना गर्दीचा आवाज ऐकवला, बाकीच्यांना नाही. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. २००२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे कोरोनाच्या काळात रिकाम्या स्टेडियमवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघाला मिळणारी यलो कार्डं घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. गॅलरीतली आरोळी निष्फळ नसते.

पण आपण स्वतः काय पाहतो? १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी विद्यापीठांमध्ये अमेरिकी फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. एका बाजूच्या खेळाडूचं नाक मोडलं, दुसऱ्या बाजूच्या खेळाडूचा पाय. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवली. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाच्या जेवढ्या आगळिकी दिसल्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसल्या. त्यांना खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना खरोखर तसंच दिसलं. यावर कोणताही कॅमेरा उपाय नाही, कारण फिल्म दोघांसमोर एकच होती.

त्यामुळे हँडबॉल, ढकलाढकली, फाउलची तीव्रता असे निवाड्याचे प्रश्न यंत्राकडे सोपवले की मोजता येणारं आणि न येणारं यांची सरमिसळ होते. पडद्यावर चार वेळा तपासलं म्हणजे एकच उत्तर मिळेल, अशी अपेक्षा तयार केली जाते आणि ती मोडली की संताप दुप्पट होतो. जून २०२४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने प्रीमियर लीगमधून व्हीएआर काढून टाकण्याचा ठराव मांडला. तो १९ विरुद्ध १ अशा मतांनी फेटाळला गेला. वुल्व्हरहॅम्प्टनचा उपाय मला पटत नाही, रेषांसाठी यंत्र हवंच. पण मिनिटामिनिटांचा खोळंबा आणि गोलचा जल्लोष अर्ध्यात अडकणं, या त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत.

आपल्याकडचं सर्वांत मोठं भांडण तर मोजमापाचं नव्हतंच. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत जादा वेळेत यजमान संघाच्या सुनील छेत्रीने झटपट फ्री किक घेतली. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत रचत होते, गोलकीपर तयार नव्हता. गोल दिला गेला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघच मैदानाबाहेर नेला. नियमानुसार, रेफ्रींनी थांबायला सांगितलेलं नसेल तर फ्री किक शिट्टीविना घेता येते. वाद एवढाच होता की तसं सांगितलं गेलं की नाही. पुढे क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. सेकंदाला ५०० वेळा मोजणारं संवेदक तिथे काहीच करू शकलं नसतं. लंडनमध्ये हरवलं होतं तेच इथेही हरवलं : एक स्पष्ट बोललेला शब्द.

तिकीट काढून आलेल्या माणसाला निर्णय मान्य नसेल, पण त्याचं कारण ऐकण्याचा त्याचा हक्क आहे, असं मला ठामपणे वाटतं. २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफ्रींनी व्हीएआर पाहून दिलेला निर्णय माइकवरून साऱ्या स्टेडियमला सांगितला. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये लीग चषकाच्या उपांत्य फेरीत तेच झालं. याला खर्च फारसा नाही. व्हीएआरला मात्र आहे, आणि तो परवडत नसलेल्या स्पर्धांसाठी फिफाने २०२४ मध्ये तरुण मुलींच्या विश्वचषकांत वेगळी पद्धत वापरून पाहिली. वेगळा व्हिडिओ कक्ष नाही, तिथे बसणारे जादा रेफ्री नाहीत, कॅमेरे मोजकेच. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा फेरतपासणी मागता येते, मागणी योग्य ठरली तर ती संधी शिल्लक राहते, आणि पडद्यावर पाहून निर्णय मैदानावरचे रेफ्रीच देतात. गोव्यातल्या फातोर्ड्यापासून कोलकात्यापर्यंत जिथे सामने आधीच टीव्हीवर दाखवले जातात, तिथे कॅमेरे उभे आहेतच. रेफ्रीसाठी एक पडदा आणि एक माइक एवढंच त्यात वाढवावं लागेल.