पिल्लाचे फाकलेले पाय : पहिले तीन दिवस मोलाचे

अंडी उबवणीस ठेवल्यापासून साधारण एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. बहुतेक पिल्ले काही तासांतच अंग सुकवून उभी राहतात आणि दाणे टिपू लागतात. एखादे पिल्लू मात्र दोन्ही पाय बाजूला फाकवून पोटावर पडून राहते. ‘हे काही जगत नाही’ असे म्हणून ते बाजूला टाकले जाते. वास्तविक अशी अनेक पिल्ले वेळीच लक्ष दिल्यास चालू लागतात. परसातल्या दहा-बारा कोंबड्यांवर ज्या घरांचा वरखर्च भागतो, तेथे एकेक पिल्लू मोलाचे असते.

अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी शिल्लक राहिलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात शोषला जातो. त्यावर ते दोन ते तीन दिवस तग धरते. पाय अधू असलेले पिल्लू याच काळात दाणापाण्यापर्यंत पोहोचू शकले नाही, तर ते पायाच्या दोषाने नव्हे, तर तहान-भुकेने मरते. शिवाय या दिवसांत हाडे व सांधे लवचिक असल्याने पाय सरळ होण्याची शक्यताही सर्वाधिक असते. आठवडा उलटल्यावर केलेल्या उपायांना फारसे यश येत नाही.

पाय का फाकतात?

सर्वांत सामान्य कारण म्हणजे पायाखालची निसरडी जागा. पिल्लांनी भुसा खाऊ नये म्हणून पहिले काही दिवस त्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरण्याची पद्धत आहे. हा गुळगुळीत कागद, पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ किंवा प्लास्टिकचे घमेले यांवर पिल्लाची पकड बसत नाही. पाय सतत घसरून बाजूला जातात आणि तशीच ठेवण पडते.

उबवणी यंत्रातील चूक हे दुसरे कारण होय. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहणे आवश्यक असते. ते वरचेवर चढले-उतरले, तर पायांच्या वाढीत दोष राहतो. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या गावांत ही अडचण विशेष जाणवते. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वे कमी असल्यास त्याचाही परिणाम पिल्लावर होतो. केवळ ज्वारी-मक्यावर पोसलेल्या कोंबड्यांत ‘ब-२’ म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडण्याचा संभव असतो.

दोष ओळखावा

उपाय करण्यापूर्वी दोष कोणता, हे पाहणे महत्त्वाचे आहे. दोन्ही पाय बाजूला घसरत असतील आणि सांध्यावर सूज नसेल, तर ते फाकलेले पाय. बोटे आत मुठीसारखी वळली असतील, तर तो बोटांचा दोष. जन्मतःच बोटे वाकडी असणे आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ती वळू लागणे, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ‘ब-२’ च्या कमतरतेचा संशय घ्यावा. पायाचा मधला सांधा सुजून चपटा दिसत असेल आणि पाय एका बाजूला वळला असेल, तर सांध्यावरील स्नायुबंध निसटलेला असू शकतो. बघणाऱ्याला हा सांधा गुडघा वाटतो. प्रत्यक्षात तो पक्ष्याचा घोटा असतो. मँगनीज व कोलीन यांच्या अभावी हा दोष उद्भवतो. निसटलेला स्नायुबंध घरी ओढूनताणून बसवू नये. ते काम पशुवैद्यकाचेच.

पट्टी कशी बांधावी?

फाकलेल्या पायांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारी मऊ, चिकट कापडी पट्टी पुरते. तिची साधारण अर्धा सेंटिमीटर रुंदीची फीत कापावी. एकाने पिल्लू हळुवार धरावे व दुसऱ्याने घोट्याच्या खाली, पंज्याच्या वर दोन्ही पायांना फीत गुंडाळावी. दोन पायांत सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे पाय शरीराच्या बरोबर खाली येतात. मधल्या भागात फितीच्या चिकट बाजू एकमेकींवर दाबून टाकाव्यात. दोरा किंवा रबर कधीही वापरू नये. तो कातडीत रुततो.

पंजा सुजला किंवा त्याचा रंग बदलला, तर पट्टी तत्काळ सैल करावी. रोज एकदा पायांची पाहणी करावी व पट्टी मळल्यास बदलावी. बहुतेक पिल्ले तीन ते पाच दिवसांत सावरतात. जन्मतः वळलेल्या बोटांसाठी पातळ पुठ्ठ्याचा पंज्याएवढा तुकडा खाली ठेवून त्यावर बोटे सरळ करावीत आणि चिकटपट्टीने एक-दोन दिवस बसवावीत.

ऊब, पाणी आणि सोबत

पट्टी बांधलेले पिल्लू सुरुवातीला धडपडते, कलंडते. त्याला खरखरीत कापडावर ठेवावे. कापडाचे धागे सुटलेले नसावेत. इतर पिल्ले टोचत असल्यास ते वेगळे करावे, परंतु एक शांत पिल्लू सोबतीला ठेवावे. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे घालावेत, अन्यथा दुबळे पिल्लू बुडण्याची भीती असते. दर दोन तासांनी त्याची चोच पाण्याला अलगद टेकवावी. पिल्लांचे तयार खाद्य पायाशीच ठेवावे. नुसत्या मक्याच्या भरड्यावर विसंबू नये. जीवनसत्त्वांचे औषध पाण्यातून देताना मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावी.

केव्हा थांबावे?

पाच-सहा दिवसांनंतरही पिल्लू उभे राहत नसेल, खाणे सोडून देत असेल किंवा मान व अंग थरथरत असेल, तर ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. थरथर हे संसर्गाचे लक्षण असू शकते. अशा वेळी बाकीच्या पिल्लांचाही विचार करावा लागतो. बरे झालेले पिल्लू अंड्यांसाठी खुशाल पाळावे. मात्र दोष आनुवंशिक असण्याची शक्यता असल्याने त्याची अंडी उबवणीस ठेवू नयेत.

एकाच खेपेत अनेक पिल्ले अधू निघाली, तर दोष पिल्लांत नसून यंत्रात वा कोंबड्यांच्या खाद्यात आहे, असे समजावे. पुढची अंडी ठेवण्याआधी तापमापक तपासणे आणि कोंबड्यांना हिरवा पाला व समतोल खाद्य सुरू करणे, हाच यावरचा खरा उपाय होय.