इंद्रायणीचे देणे

एखादा मनुष्य भाविक आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपणांस नेमके काय अभिप्रेत असते? तो देवपूजा चुकवीत नाही, एकादशी पाळतो, वारीस जातो, एवढेच? की त्याच्या हातून सहसा कोणाचे वाईट व्हावयाचे नाही, असेही? मराठीत या गुणासाठी शब्दांची वाण नाही. पण ‘देवभोळा’ या शब्दात कौतुकापेक्षा कीवच अधिक असते आणि ‘सोवळा’ हा शब्द तर पुष्कळदा उपहासानेच वापरला जातो. भाविकता आणि नीती यांची फारकत झालेली लोकांनी वारंवार पाहिली आहे; शब्दांना आलेला हा आंबूसपणा त्या अनुभवाचा आहे.

हा प्रश्न जुना आहे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अधर्माच्या आरोपास उत्तर देण्यासाठी सॉक्रेटिस अथेन्सच्या न्यायाधिकाऱ्याकडे गेला असता त्यास युथिफ्रो नावाचा एक धर्मपंडित भेटतो, अशी प्लेटोच्या एका संवादाची सुरुवात आहे. युथिफ्रो तेथे आला आहे तो प्रत्यक्ष आपल्या पित्यावर मनुष्यवधाचा दावा लावण्यासाठी. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामास ठार मारले. पित्याने त्या मजुराचे हातपाय बांधून त्यास खंदकात टाकले आणि पुढे काय करावे हे विचारण्यास अथेन्सला माणूस धाडला. तो परत येण्यापूर्वीच मजूर भुकेने व थंडीने मेला. घरचे म्हणतात, पित्यावर दावा लावणे हेच पाप. युथिफ्रो म्हणतो, देवांच्या न्यायाला आप्त-परका हा भेद नाही. प्लेटोने युथिफ्रोची यथेच्छ टर उडविली आहे आणि भाष्यकारांनीही त्यास बहुधा आढ्यतेखोर ठरविले आहे. तो तसा आहेही. परंतु या सर्व चर्चेत खंदकातल्या मजुराकडे फारसे कोणी वळून पाहत नाही, ही गोष्ट मला नेहमी खटकते. त्या घरात त्याचे देणे लागतो असे मानणारा निदान एक माणूस होता, आणि तो हा आढ्यतेखोर युथिफ्रो.

सॉक्रेटिसचा प्रसिद्ध प्रश्न याच संवादातला आहे. पवित्र वस्तू देवांना प्रिय असते ती पवित्र आहे म्हणून, की देवांना प्रिय आहे म्हणून ती पवित्र ठरते? युथिफ्रोला याचे उत्तर देता येत नाही. शेवटी तो म्हणतो, देवांकडे मागणे आणि देवांना अर्पण करणे म्हणजे धर्मनिष्ठा. त्यावर सॉक्रेटिस विचारतो, मग हा देव आणि माणूस यांच्यातील व्यापारच नव्हे काय?

आपल्याकडच्या नवसाला हे वर्णन किती चपखल बसते हे सांगावयास नको. मात्र नवस करणाऱ्या सामान्य माणसास हिणविण्याची घाई नको. कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या चढणाऱ्या कोळी कुटुंबांपैकी कितीतरी जणांच्या वाडवडिलांनी खवळलेल्या समुद्राशी झुंज दिलेली आहे. त्यांच्या मागण्यात भीती आहे, तशी कृतज्ञताही आहे. आणि ज्या डोंगरावर हा नवस फेडला जातो, त्याच डोंगरात देण्याची एक अगदी वेगळी रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलेली आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह कोणा एका राजाच्या दानाने उभे राहिलेले नाही. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले असे एक लेख सांगतो. पण धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिले, एका गंध्याने दरवाजा दिला, दरवाजाचे काम करणारा वेणुवासाचा पुत्र सामी हा सुतार होता, असेही तेथले लेख सांगतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले. त्याच लेखात त्याने देवांना व ब्राह्मणांना दिलेल्या सोळा गावांची आणि तीन लाख गाईंची नोंद आहे. आणि करजिकाचे दान वर्षावासासाठी येथे राहणाऱ्या सर्वच प्रव्रजितांसाठी आहे; पंथाचा वा मूळ स्थानाचा भेद त्यात नाही. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली तेव्हाही त्या गावाबद्दलची राजाज्ञा मामाड येथील अमात्यास पाठविण्यात आली. आजचे मावळ हे नाव या मामाडाशीच जोडले जाते. पुळुमावीच्या चोविसाव्या राजवर्षातला एक लेख तर मला सर्वांत बोलका वाटतो. तेथे एका उपासकाने आईवडिलांच्या सन्मानार्थ मंडप दिला आहे, आणि दानाचा हेतू म्हणून सर्व जीवांच्या हितसुखाचा उल्लेख केला आहे.

रोमन लोक ज्यास ‘पिएतास’ म्हणत त्या गुणात आईवडील, देव आणि देश यांविषयीचे कर्तव्य एकवटलेले होते. आपल्या परंपरेने देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली. दोन्हीकडे भाविकतेचे मूळ ऋणाच्या जाणिवेत आहे. माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून, आणि हे देणे ज्यास खरोखर जाणवले तो भाविक, अशी व्याख्या केली तर बराच गोंधळ दूर होईल.

देणे म्हणजे काय हे तुकोबांस ठाऊक होते. घरात सावकारी होती. मावळच्या वेशीवरच्या देहूत दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वांस माहीत आहे. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. बुडविली ती फक्त आपल्या वाट्याची खते. धाकट्या भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. वैराग्य कितीही तीव्र असले तरी त्याग स्वतःच्या हिश्श्याचाच करता येतो. दुसऱ्याच्या हिश्श्यावर उदार होणे हे पुण्य नव्हे.

आता ज्या नदीत ती खते गेली तिच्याकडे पाहावे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूस, तेथून आळंदीस आणि पुढे तुळापुरास भीमेला मिळते. अलीकडच्या वर्षांत आळंदीत तिच्यावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना अनेकदा दिसले आहेत. वाढत्या नगरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी ही त्याची कारणे आहेत. आणि त्याच पाण्यात स्नान करून, तेच ओंजळीने तोंडी घालून भाविक कृतार्थ होतो.

पुष्कळ लोक म्हणतात, नदी तीर्थ आहे, ती विटाळत नाही. येथे सॉक्रेटिसचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपण हात जोडतो म्हणून नदी पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून आपण हात जोडतो? पहिले खरे असेल तर तिच्यात काहीही सोडले तरी बिघडत नाही. हात जोडलेले पुरे. दुसरे खरे असेल तर तिचे पावित्र्य आपल्या नमस्काराहून स्वतंत्र आहे आणि त्यास धक्का लागू शकतो. मग वर लोणावळ्याला नाला सोडून खाली आळंदीला स्नान करणारा मनुष्य आपल्या वाट्याचे नव्हे, खालच्या गावांच्या वाट्याचे बुडवीत असतो.

यावर कोणी म्हणेल, हा नगरपालिकेचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय आहे. त्यास भाविकतेचे नाव कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा भजनाने चालत नाही, तिला पैसा आणि अभियंते लागतात. परंतु कायद्याचे देणे पावती मिळाली की संपते. ज्या पाण्यावर आपल्या पूर्वजांची शेती पिकली त्याच्या देण्याची पावती कोण देणार? तेथे नागरिकाचे कर्तव्य थांबते, भाविकाचे थांबत नाही. कार्तिकीला निघालेल्या दिंड्या वाटेत गावोगाव मुक्काम करतात, गावकरी त्यांस मानाने जेवू घालतात. निघताना विणेकऱ्याने सरपंचास एवढेच विचारावे, की या गावचे सांडपाणी कोठे जाते. आणि उत्तर मिळेपर्यंत दिंडीने थोडे थांबावे.